इंजिनाची नाडी

मॅंगनीजच्या खाणीसाठी प्रसिद्ध असलेल्या भरवेलीसारख्या गावात ज्या कुटुंबाने वडिलांची ॲम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी अद्याप जपली आहे, त्याच्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. गाडीची ओढ कमी झाली, की ‘इंजिन उतरवावे लागेल’ असे सांगून मिस्त्री मोकळा होतो. पद्मिनीचे उत्पादन शतक पालटताना थांबले, ॲम्बॅसडरचे २०१४ मध्ये. एकदा उघडलेल्या इंजिनाला सुटे भाग मिळवताना जीव मेटाकुटीस येतो. म्हणून आधी नाडीपरीक्षा करावी. ती व्हॅक्यूम गेजने होते.

इंजिन मंद गतीत फिरत असता कार्बुरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. दट्ट्या हवा ओढतो, पण ती पुरेशी मिळत नाही. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये अंशतः निर्वात निर्माण होतो. त्याचे माप गेजचा काटा पाऱ्याच्या इंचांत दाखवतो. गेजची नळी कार्बुरेटरखाली मॅनिफोल्डलाच जोडावी. ही परीक्षा पेट्रोल इंजिनाची. डिझेलला हे आकडे लागू नाहीत.

इंजिन तापल्यावर काटा १७ ते २१ इंचांवर स्थिर राहिला, तर प्रकृती उत्तम समजावी. मात्र हे माप समुद्रसपाटीचे. दर हजार फूट उंचीमागे ते सुमारे एक इंचाने उतरते. बालाघाटचा परिसर साधारण हजार फुटांवर आहे. तेव्हा येथे १६ इंच दिसले, तरी घाबरण्याचे कारण नाही.

काटा स्थिर पण थोडा खाली असेल, तर इग्निशनचे टायमिंग मागे पडले असावे. पाच इंचांपर्यंत उतरला असेल, तर मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरत असावी. तो सावकाश हेलकावत असेल, तर कार्बुरेटरचे मिश्रण तपासावे. ठरावीक अंतराने झटका घेऊन खाली येत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह जळला असण्याचा संभव असतो. शेवटी ॲक्सिलरेटर एकदम दाबून सोडावा. काटा शून्याजवळ जाऊन नेहमीच्या मापाहून चार-पाच इंच वर उसळला, तर रिंगा बहुधा शाबूत आहेत. उसळी नसेल, तर कॉम्प्रेशन तपासून मगच निर्णय घ्यावा.

परीक्षा मोकळ्या जागेत, हँडब्रेक ओढून व गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून करावी. बंद गॅरेजमधील धूर प्राणघातक असतो.

यांपैकी पहिले तीन दोष इंजिन न उतरवताच दूर होतात. तेव्हा मिस्त्रीने पाना हाती घेण्यापूर्वी काटा काय म्हणतो, हे त्याच्यासोबत उभे राहून अवश्य पाहावे.