रात्री कोण असतं?

वृद्धाश्रम बघायला जाणारी मंडळी बहुधा रविवारी अकराच्या सुमारास पोचतात. फरशी नुकती पुसलेली असते, हॉलमध्ये भजन चालू असतं. व्यवस्थापक बाग दाखवतात, देऊळ दाखवतात, आठवड्याचा आहारतक्ता दाखवतात. मुलगा-सून मनातल्या मनात नातेवाइकांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत असतात आणि त्या कामी बाग फार उपयोगी पडते. माझं म्हणणं असं की, आश्रम बाग बघून निवडू नये. रात्री दोन वाजता तिथे कोण जागं असतं, हे बघून निवडावा.

तेव्हा थेट विचारा. रात्रपाळीला मावश्या आणि मामा किती, आणि किती जणांमागे? नर्स रात्री इथेच असते की फोनवर? कुणी पडलं तर कुठल्या रुग्णालयात नेता, गाडी कोणाची, सोबत कोण जातं? ‘आमच्याकडे तशी वेळच येत नाही’ असं उत्तर आलं, तर चहा न घेता निघालात तरी चालेल.

अनेक आश्रमांच्या अर्जात एक अट असते: राहणाऱ्याला स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. पंच्याहत्तरीचे वडील तीत सहज बसतात. पुढे कधी बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडतं आणि ‘घेऊन जा’ असा फोन येतो. तोवर घर विकलेलं असतं, मुलगी मेलबर्नला असते. म्हणून अंथरुणाला खिळलेल्यांचा कक्ष आहे का ते आधी विचारा आणि तो बघण्याचा हट्ट धरा. स्वच्छ खोली आणि लघवीच्या वासावर मारलेलं फिनेल यांतला फरक नाकाला लगेच कळतो. स्वतः हलता न येणाऱ्याची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी आणि टाचांना जखमा होतात. त्याची नोंदवही मागा. रात्रीचे सगळे रकाने एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेले दिसले, तर काय समजायचं ते समजा.

‘आमची संस्था नोंदणीकृत आहे’ या वाक्यानेही निर्धास्त होऊ नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असते ती विश्वस्त संस्थेची. तिचे हिशेब आणि कारभार यांच्याशी त्या कार्यालयाचा संबंध. रात्री किती माणसं हवीत, हे त्या प्रमाणपत्रात नसतं. सरकारकडे बघावं, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय करणाऱ्या आश्रमाचा उल्लेख आहे, पण राज्य सरकार तो ‘काढू शकेल’, काढलाच पाहिजे असं नाही. मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहभत्त्यालाही त्याच कायद्याने महिना १०,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली. चोवीस तासांची बाई ठेवून बघितलेल्यांना या आकड्याबद्दल मी काय सांगावं!

एक अवघड विषय राहतोच. व्हेंटिलेटर नको, नळ्या नकोत, असं वडिलांनी लिहून ठेवलं असेल तर? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३मध्ये प्रक्रिया सोपी झाली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पण तो कागद तुमच्या कपाटात असेल आणि रात्री घाबरलेल्या मावशींनी रुग्णवाहिका बोलावली, तर त्याचा काय उपयोग? एक प्रत आश्रमाच्या फायलीत लावा आणि व्यवस्थापकांशी तोंडी बोलूनही ठेवा.

आणि आश्रम बघायला आईलाच घेऊन जा. ती यातलं काही विचारणार नाही. चहा किती वाजता मिळतो, ते विचारेल. साडेसहाला, त्याआधी नाही, असं उत्तर आलं, तर जन्मभर पहाटे साडेचारला उठलेल्या बाईने दोन तास काय करायचं, आणि खोलीत विजेची किटली चालेल का, हे तिथल्या तिथे, तिच्यासमोर ठरवून घ्या.