विश्लेषण : रत्नागिरीत ‘टिकवण्या’ची किंमत कोण मोजतो?

‘शाश्वत’ हा शब्द आता सरकारी योजनांपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत सगळीकडे दिसतो. पण एखादी गोष्ट टिकवायची म्हणजे नेमके काय करायचे? रत्नागिरी जिल्ह्यात समुद्र, सडा आणि किनारा या प्रश्नाची तीन वेगळी उत्तरे देतात. त्यांतून पुढे येणारा मुद्दा मात्र एकच आहे : टिकवण्याचा भार कोणी उचलायचा?

समुद्रात थांबावे लागते...

दरवर्षी 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. या काळात अनेक जातींचे मासे अंडी घालतात, शिवाय समुद्र खवळलेला असतो. मिरकरवाडा बंदरातील नौका शाकारल्या जातात, खलाशी गावी परततात. आज पिल्ले वाचली तर पुढच्या हंगामात जाळ्यात मासळी येईल, हा हिशेब सरळ आहे. त्याचा लाभ व्यापारी, निर्यातदार, ग्राहक अशा सर्वांना मिळतो. दोन महिन्यांची कमाई मात्र बुडते ती खलाशाची आणि टोपली घेऊन मासळी विकणाऱ्या बाईची. केंद्राच्या योजनेत पात्र मच्छीमाराचे 1500 आणि सरकारचे 3000 असे 4500 रुपये तीन महिन्यांसाठी मिळतात. म्हणजे महिन्याला 1500 रुपये. एवढ्यात घर चालत नाही.

सड्यावर हात आवरावा लागतो...

कोकणातील कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. त्यात उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशी रत्नागिरीतील ठिकाणे आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारे 18 मीटर लांबीचा आहे. पण यातील अनेक चित्रे खासगी जमिनीत आहेत आणि ज्या जांभ्यावर ती कोरली आहेत, त्याच जांभ्याचे चिरे घरबांधणीसाठी विकले जातात. चित्र राखायचे तर मालकाला चिरेखाणीचे उत्पन्न सोडावे लागते. वारसा जगाचा, तोटा एका सातबाऱ्याचा!

वेळासने काय केले?

मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पूर्वी खाण्यासाठी, विकण्यासाठी उचलली जात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती अंडी सुरक्षित जागी उबवायला आणि पिल्ले समुद्रात सोडायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातील घरांत राहू लागले, तिथेच जेवू लागले. कासव जगले तर चार पैसे घरात येतात, हे गावाने अनुभवले आणि राखण ही गावाचीच गरज झाली.

मग करायचे काय?

वेळासची नक्कल सगळीकडे चालणार नाही. मासळी पाहायला कोणी महोत्सवाला येणार नाही. पण तत्त्व तेच लावता येईल. बंदीकाळातील मदत बुडालेल्या मजुरीच्या जवळपास तरी असावी आणि त्यात खलाशी व विक्रेत्या महिलाही असाव्यात. कातळशिल्पे राखणाऱ्या जमीनमालकाला भाडे किंवा पर्यटनाच्या उत्पन्नात ठरलेला वाटा मिळावा. तसे झाले नाही, तर नियम कागदावर राहतात. बंदी असूनही एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांना वारंवार तक्रारी कराव्या लागतात, ते उगाच नाही.

‘टिकवा’ असे सांगायला काही लागत नाही. टिकवणाऱ्याच्या घरात चूल पेटली, तरच ते टिकते.