आषाढीचं बी, दसऱ्याचं फूल

आंबोली म्हटलं की लोकांना सावंतवाडीची आठवते. आमची ती नव्हे. चांदणी चौकातून पौड रस्त्याने निघून पिरंगुट ओलांडलं की लागते ती कासार आंबोली, मुलींची सैनिकी शाळा आहे ती. निवृत्तीनंतर कोथरूडचा फ्लॅट मुलाकडे सोपवून आम्ही दोघं इथे राहायला आलो, आणि पहिल्याच जुलैत माझी बाग पावसाने धुऊन नेली. अंगणातल्या वाफ्यात झेंडूचं बी पेरलं होतं. चौथ्या दिवशी बघते तर वाफाही नाही आणि बीही नाही. फाटकापर्यंत चिखलाचा ओघळ तेवढा गेलेला.

पुढच्या वर्षी भाचीने अमेरिकेहून बियांची पाकिटं आणली. पाठीमागे लिहिलेलं, ‘शेवटच्या हिमाआधी चार ते सहा आठवडे घरात पेरा.’ मुळशी तालुक्यात शेवटचं हिम कधी पडतं हे कालनिर्णयात दिलेलं नसतं! पण त्यातले दोनच शब्द मनात राहिले, घरात पेरा. तिकडे बी घरात पेरतात ते थंडीला भिऊन. इथे पेरायचं ते पावसाला भिऊन. आणि इथलं ‘घरात’ म्हणजे खोलीत नव्हे, ओसरीवर. माझं या लेखातलं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण ते कळायला मला तीन पावसाळे लागले.

पहिली चूक केली ती स्वयंपाकघरात. ओट्याच्या कोपऱ्यात, ऊबदार जागी ट्रे ठेवला. बी पाचव्या दिवशी वर आलं आणि आठवड्यात वीतभर उंच झालं. मला केवढा आनंद! मग लक्षात आलं, ही उंची मी दर नवरात्रात बघते. घटाभोवतीच्या मातीत आपण धान्य पेरतो, देवघराच्या अंधारात ते उजेड शोधत वाढतं, म्हणून पिवळंधमक आणि लांब होतं. दसऱ्याला तो तुरा टोपीत खोवायचा असतो, त्याला पुढे आयुष्य नसतं. झेंडूला अजून तीन महिने जगायचं असतं. पिवळी, लांबुडकी रोपं अंगणात लावली आणि पहिल्याच सरीत ती आडवी झाली. तेव्हापासून ट्रे ओसरीच्या पूर्वेच्या कठड्याजवळ असतो, पागोळ्यांपासून हातभर आत. रोपं उजेडाकडे झुकतात, म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी तो फिरवून ठेवायचा.

दुसरी चूक मातीची. संध्याकाळी ताठ उभी असलेली रोपं सकाळी मान टाकून पडलेली. एक उचलून चष्म्याजवळ धरलं. पानं हिरवीगार, मुळं पांढरी, पण मातीला टेकतं तिथे दोऱ्याने गळा आवळल्यासारखा काळपट वळसा. शेतकरी याला ‘मर’ म्हणतात. सतत ओल्या मातीतली बुरशी ती. मी हळहळत बसले होते, तेवढ्यात शेजारच्या आजी आल्या. त्यांची तीन खाचरं इंद्रायणीची. ट्रेकडे एक नजर टाकून म्हणाल्या, “अगं बाई, माती भाजली व्हती का?”

मुळशीकराला हे विचारावं लागत नाही. इथे भाताचं रोप टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, कवळं, पालापाचोळा यांचे थर रचून पेटवतात. तो राब. तणाचं बी जळतं, बुरशी कमी होते, वर राख मिळते. मी आयुष्यभर या रस्त्याने जाता-येता ते काळे चौकोन बघितले होते आणि काहीतरी जाळलंय एवढंच मला कळलं होतं. त्या दिवशी जुन्या लोखंडी कढईत माती घालून अर्धा तास भाजली. ओल्या मातीच्या धुराने घर भरलं. हे बाहेरून विचारत आले, “आज काय बेत आहे?” माती निवल्यावर तिच्याइतकंच कोकोपीट आणि तेवढंच गांडूळखत मिसळलं, प्रो-ट्रेच्या एका कप्प्यात एकच बी, अर्धा सेंटिमीटर खोल. पाणी वरून नाही, परातीत ओतून खालून. त्या वर्षी मर जवळजवळ लागली नाही.

आता तारखेचं. बी पेरल्यापासून फूल यायला झेंडूला साधारण तीन महिने लागतात. तीन-चार आठवडे ट्रेमध्ये आणि पुढे दोन महिने जमिनीत. दसऱ्यापासून उलटं मोजत गेले तर बोट आषाढीवर आलं. आषाढ शुद्ध एकादशी ते आश्विन शुद्ध दशमी म्हणजे तीन महिन्यांना एक तिथी कमी. 2025 मध्ये आषाढी 6 जुलैला होती आणि दसरा 2 ऑक्टोबरला, मधले दिवस 88. 2026 मध्ये आषाढी 25 जुलैला आणि दसरा 20 ऑक्टोबरला, दिवस 87. इंग्रजी तारखा अठरा-एकोणीस दिवस सरकल्या तरी अंतर तेवढंच. आजींच्या खाचरात भाताची लावणी चाललेली असते, वारकरी पंढरपुरात असतात, तेव्हा मी ओसरीवर बी टाकते. श्रावणात पावसाचा जोर उतरला की रोपं अंगणात.

मधे अधिक महिना आला तर मात्र फसगत. 2023 मध्ये अधिक श्रावण होता. मी 29 जूनला, आषाढीला पेरलं आणि 19 सप्टेंबरला गणपती बसले तेव्हा झेंडू ऐन भरात. गणपतीची चंगळ झाली. 24 ऑक्टोबरच्या दसऱ्याला तोरणासाठी फुलं बाजारातून आणावी लागली, कारण झाडं म्हातारी झाली होती. अधिक ज्येष्ठाचा मात्र त्रास नाही, तो आषाढीच्या आधीच सरतो.

पिरंगुट-भूगावच्या नव्या सोसायट्यांतल्या मैत्रिणी मला व्हिडिओ पाठवतात. बियांखाली ठेवायच्या विजेच्या गाद्या, जांभळे दिवे. अहो, आपली जुलैतली ओसरी म्हणजे फुकटची गादी आहे. झेंडू उगवायला लागते तेवढी ऊब तिथे असतेच. गारव्यातल्या पेटुनियाचं बी सप्टेंबरअखेर टाकते. एका ग्रॅममध्ये सुमारे 10,000 दाणे, त्याला उगवायला उजेड हवा, म्हणून त्यावर माती टाकायची नाही. त्यालाही ओसरी पुरते. फुललेली रोपं पिशवीतून आणून, महिन्याने वाळल्यावर कुंडीसकट कचऱ्यात देणं याला मी बागकाम म्हणत नाही, ती खरेदी. रागवायचं तर रागवा.

बीसुद्धा विकत घ्यायला नको. दिवाळी उलटली की दारावरचं दसऱ्याचं तोरण उतरवाल तेव्हा एक वाळकं फूल देठाकडून उसवून बघा. काळ्या बारीक काड्या निघतील, टोकाला फिकट कुसळ असलेल्या. नखाखाली कडक लागतील त्या ठेवा, पोचट फुंकून टाका. तोरणाची फुलं कोवळी खुडलेली असतात, त्यामुळे निम्मं बी पोचट निघतं आणि संकरित वाणाचं असेल तर रंगही मिसळीचे येतात. म्हणून आपल्या झाडावरची दोन टपोरी फुलं न खुडता वाळू द्यावीत हे बरं. बी कागदाच्या पुडीत बांधा आणि नवं कालनिर्णय घरात आलं की आषाढी एकादशीच्या पानाला टाचून ठेवा.