सर्वांचे पान, आपले डोळे

हिंगणघाटला आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांची उभी हयात कापडगिरणीत गेली. डोळ्यांना आता बारीक अक्षर लागत नाही, पण वाचनाची आवड सुटलेली नाही. त्यांची नात बारावीला आहे. ती आजोबांना संगणकावर मराठी विकिपीडियातील वर्धा जिल्ह्याचे पान उघडून देते. आठही तालुक्यांची माहिती काका आवडीने वाचू लागतात, पण थोड्या वेळाने डोळ्यांतून पाणी येते.

अक्षर मोठे करावे म्हणून पोरीने खटपट केली. विकीच्या पानांचे रूप 'कॉमन.सीएसएस' नावाच्या पानावरून ठरते, असे तिला कळले. ते उघडले तर मजकूर दिसला, पण बदलता येईना. रागाने ती आमच्याकडे आली. "तुम्हीच सांगा, इथेही आपल्याला दार बंदच का?"

वाचकहो, प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर सर्वांसाठी लिहीत आहोत.

अक्षराचा आकार, रंग, चौकटी, मोकळी जागा यांचे नियम जेथे लिहिलेले असतात, त्याला स्टाइलशीट म्हणतात. मजकूर वेगळा आणि त्याचा पेहराव वेगळा. पोरीने उघडलेल्या पानावरचा नियम एकट्या काकांना लागत नाही, तो साऱ्या वाचकांना लागतो. तेथे एक चूक झाली तर हजारो पाने एकदम बिघडतील. म्हणून 2018 पासून ते बदलण्याचा अधिकार 'इंटरफेस प्रचालक' म्हणून नेमलेल्या मोजक्या सदस्यांनाच आहे. साध्या प्रचालकालाही तो नाही. म्हणजे हे दार जात, गाव किंवा शिक्षण पाहून बंद केलेले नाही. बदल सुचवायचा असेल तर चर्चापानावर कोणीही मांडू शकतो.

दुसरा प्रकार साच्यांचा. तालुक्यांच्या तक्त्यासारखी चौकट अनेक पानांवर वापरायची तर तिचा साचा करतात. साच्याचे नियम 'टेम्प्लेटस्टाइल्स' या सोयीने वेगळ्या पानावर लिहिता येतात. हे नियम तपासूनच साठवले जातात. बाहेरच्या भलत्या ठिकाणाहून चित्र ओढून आणण्यास तेथे मनाई आहे, कारण त्या वाटेने वाचकाचा माग काढता येतो. शिवाय हे नियम लेखाच्या मजकुरापुरतेच चालतात, बाजूच्या यादीला हात लावू शकत नाहीत.

तिसरा प्रकार आपल्या हक्काचा. खाते उघडलेल्या प्रत्येक सदस्याला स्वतःचे 'कॉमन.सीएसएस' पान करता येते. त्याचा दुवा पसंतीच्या पानावर, जेथे पानाचे रूप निवडतात तेथेच असतो. त्यातला नियम फक्त आपल्याला लागतो आणि तो सार्वजनिक नियमांनंतर येत असल्याने सहसा त्याचेच चालते. मजकुराच्या चौकटीचे नाव आणि पुढे महिरपी कंसात अक्षराचा आकार, एवढी एक ओळ पुरते. कंट्रोल आणि अधिकचे बटण दाबूनही अक्षर मोठे होते, पण ते त्या संगणकापुरते. ही ओळ खात्याबरोबर दुसऱ्या संगणकावरही येते.

दोन सावधगिऱ्या मात्र पाळाव्यात. दुसऱ्याने दिलेली ओळ समजल्याशिवाय उतरवू नये. एकदा आम्ही तसे केले आणि वरची सारी यादीच नाहीशी झाली! अशा वेळी पानाच्या पत्त्यात 'सेफमोड=1' इंग्रजीत जोडले की सदस्याचे आणि संकेतस्थळाचे खास नियम बाजूला राहतात व पान मूळ रूपात उघडते. मग चुकीची ओळ काढून टाकावी. दुसरे असे, की हे पान आपल्याखेरीज इंटरफेस प्रचालकच बदलू शकतात, पण वाचू कोणीही शकतो. तेथे खासगी काही लिहू नये.

पोरीने त्याच संध्याकाळी आजोबांचे खाते उघडून ती ओळ लिहिली. कंट्रोल, शिफ्ट आणि आर ही बटणे एकत्र दाबून पान ताजे केले. काकांनी खुर्ची थोडी मागे सरकवली आणि समुद्रपूरपर्यंत सारे तालुके मोठ्याने वाचून काढले.

सर्वांच्या पानावर सर्वांचा विचार चालावा, आणि स्वतःच्या डोळ्यांपुरता निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, असे आम्हांस वाटते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना अक्षर दिसते का, हे या रविवारी जरूर विचारा.