काठावर पास झाल्यावर पुढे काय?

कर्नाटकात दहावी आणि बारावी उत्तीर्ण होण्याची अट सैल झाली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने तसा निर्णय जाहीर केला आणि २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून तो लागू केला. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील आपली मराठी माध्यमाची मुले हीच एसएसएलसी परीक्षा देतात. त्यामुळे हा निर्णय आपल्या घरातला आहे. 'आता ३३ ला पास' एवढे वाक्य सगळीकडे ऐकू येते. पण ते अर्धेच खरे आहे आणि उरलेले अर्धे समजून न घेतल्यास मुलांचे नुकसान होऊ शकते, असे आम्हाला वाटते.

आधी नियम पाहू. पूर्वी ३५ टक्क्यांची अट होती. आता एकूण ३३ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३० टक्के हवेत. म्हणजे एसएसएलसीला ६२५ पैकी २०६ आणि सेकंड पीयूसीला ६०० पैकी १९८ गुण. दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात. पुष्कळ पालक इथेच चुकतात. समजा, मुलाला सगळ्या विषयांत नेमके ३० टक्के मिळाले. पहिल्या भाषेत १२५ पैकी ३८ आणि बाकीच्या पाच विषयांत ३० प्रमाणे १५०, असे एकूण १८८ गुण होतात. पास व्हायला १८ कमीच पडतात. पीयूसीला सहा विषयांत ३० प्रमाणे १८० होतात, तिथेही १८ कमी. म्हणजे गणितात किंवा इंग्रजीत ३० वर थांबलेल्या मुलाने दुसऱ्या विषयांत ती तूट भरून काढायला हवी. १२५ गुणांची मराठी इथे कामाला येते. 'मराठी काय, घरचीच भाषा' म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगायला हवे.

हा बदल कोणत्या परिस्थितीत आला तेही लक्षात घ्यावे. २०२३ मध्ये एसएसएलसीचा निकाल ८३.८९ टक्के होता. २०२४ मध्ये परीक्षा केंद्रांवर वेबकास्टिंग सुरू झाले, कॉपीला आळा बसला आणि निकाल कोसळू लागला. त्या वर्षी वाढीव ग्रेस गुण देऊनही तो ७३.४० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ती सवलत काढून घेतली आणि २०२५ च्या पहिल्या परीक्षेचा निकाल ६२.३४ टक्के लागला. शंभरातली अडतीस मुले पहिल्याच परीक्षेत मागे राहतात तेव्हा दोष फक्त मुलांचा नसतो. त्यामुळे अट सैल करण्याला आमचा विरोध नाही. दोन-चार गुणांसाठी मुलाचे वर्ष जाऊ नये. आपल्याकडे नापास झालेल्या मुलीची शाळा सुटते आणि घरात लग्नाची बोलणी सुरू होतात, हे आपण सगळे जाणतो. त्या मुलीसाठी दोन टक्के फार मोठे आहेत.

मात्र अट बोर्डाने सैल केली आहे, पुढच्या दारांवरच्या अटी तशाच आहेत. आमच्या मते खरी मेख इथे आहे.

इंजिनीअरिंगचे उदाहरण घ्या. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला बारावीला संबंधित तीन विषयांत मिळून ४५ टक्के, तर राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितात प्रत्येकी ३० गुण मिळवणारा मुलगा बोर्डाच्या लेखी पास आहे, पण त्याचे ३०० पैकी ९० होतात आणि हवे असतात १३५. शिवाय केसीईटीची रँक ठरवताना पीयूसीचे गुण आणि सीईटीचे गुण निम्मे-निम्मे धरतात. म्हणजे 'सीईटीत बघून घेऊ' हेही चालत नाही. नीटसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्रात खुल्या प्रवर्गाला ५० टक्क्यांची अट कायम आहे. महाराष्ट्राने ८६५ सीमावर्ती गावांतील मराठी मुलांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत जागा ठेवल्या आहेत. त्या जागांसाठीही नुसते पास असणे पुरत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या भागाला आणखी जवळचे आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे आणि पहाटे रस्त्यावर धावणारी मुले गावोगाव दिसतात. अग्निवीर जनरल ड्यूटीसाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के लागतात. एका विषयात ३० किंवा ३१ गुण घेऊन कर्नाटकात पास झालेला मुलगा या भरतीत बसत नाही. एकूण गुणही २०६ नव्हे, २८२ हवेत. दोन वर्षे धावण्याचा सराव केल्यावर अर्ज भरताना हे कळले तर त्या मुलाने काय करायचे?

म्हणून आमचे म्हणणे असे की, निकालाच्या दिवशी 'पास की नापास' एवढ्यावर थांबू नये. मुलाला पुढे कुठे जायचे आहे आणि तिथली अट कोणती, हे आधी पाहावे. गुण त्या अटीखाली असतील तर तो पास असूनही त्याचे काम संपलेले नाही.

यावर उपाय आहे आणि तो फारसा कुणी वापरत नाही. २०२३-२४ पासून कर्नाटकात पुरवणी परीक्षेची जुनी पद्धत जाऊन एकाच वर्षात पुन्हा परीक्षा देण्याची सोय आली. ती फक्त नापासांसाठी नाही. पास झालेला विद्यार्थीही गुण वाढवण्यासाठी पुढच्या परीक्षेला बसू शकतो आणि जास्त मिळालेले गुण धरले जातात. महाराष्ट्रात चंदगड-कोल्हापूरकडच्या नातेवाइकांच्या मुलांना एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला बसता येते. आपल्याकडे तसे नाही. आपल्या मुलांना लगेचची पुढची परीक्षा हाच आधार आहे. निकाल आणि त्या परीक्षेचा अर्ज यांत दिवस थोडे असतात. नेमके तेच दिवस घरात रडण्यात, बोलणी खाण्यात आणि पाहुण्यांना तोंड चुकवण्यात जातात.

ते दिवस वाचवणे आपल्या हातात आहे. निकालाच्या आठवड्यात मंडळाच्या कार्यालयात आपल्यातील निवृत्त शिक्षकांनी रोज संध्याकाळी दोन तास बसावे, गुणपत्रिका पाहून पुढची वाट सांगावी आणि अर्ज भरून द्यावेत. गणित, विज्ञान, इंग्रजी आणि कन्नड या विषयांचे तीन-चार आठवड्यांचे वर्ग मंडळाच्या सभागृहात घेता येतील. त्यासाठी मोठा निधी लागणार नाही, माणसे मात्र लागतील. दरवर्षी आपण नव्वद टक्केवाल्यांचा सत्कार करतो, तो करावाच. पण दुसऱ्या परीक्षेत गणित सोडवून अकरावीत गेलेल्या मुलालाही त्याच व्यासपीठावर बोलवावे. पहिल्या फेरीत मागे राहिलेल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना त्यातून जे कळेल, ते आमच्या कोणत्याही लेखातून कळणार नाही.