रित्या तिजोरीची सबब

गरीब राष्ट्राला अरण्य राखण्याची चैन परवडत नाही, हे वाक्य अलीकडे मोठ्या शहाणपणाचे म्हणून चालते. ते खरे की खोटे हे ज्यांस पाहावयाचे असेल, त्यांनी दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या यासुनी राष्ट्रीय उद्यानाचा इतिहास अवश्य पाहावा.

१९७९ साली स्थापन झालेले हे उद्यान देशाच्या पूर्वेस सुमारे दहा हजार चौरस किलोमीटर पसरले आहे. तेथील एका हेक्टरात सहाशेंहून अधिक जातींची झाडेझुडपे मोजली गेली आहेत. बाहेरच्या जगाशी संबंध नको, असे ज्यांनी स्वतःच ठरविले, ते तागाएरी व तारोमेनाने लोक ह्याच रानात राहतात. आणि ह्याच मातीखाली तेल आहे.

२००७ साली अध्यक्ष राफाएल कोरेया यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे एक प्रस्ताव मांडला. उद्यानाच्या एका भागातील सुमारे ८५ कोटी पिंपे तेल आम्ही भूगर्भातच राहू देतो. बुडणाऱ्या उत्पन्नापैकी निम्मे, म्हणजे ३६० कोटी डॉलर, जगाने द्यावे. 'मानवजातीचा ठेवा' म्हणून ह्या अरण्याचे गोडवे गाणारे जग तेव्हा कोठे होते? २०१३ पर्यंत प्रत्यक्ष हाती आले ते सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर. मागितलेल्या रुपयामागे अर्धा पैसाही नव्हे! प्रस्ताव मागे घेतला गेला, आणि २०१६ पासून तेथे तेल निघू लागले.

पुढचा अध्यक्ष हा शब्द पाळील कशावरून, अशी शंका तेव्हा धनिक राष्ट्रे काढीत. शंका अगदीच निराधार होती, असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिचे उत्तर त्या देशाच्या जनतेने २० ऑगस्ट २०२३ रोजी दिले. तेल जमिनीतच राहावे, असा कौल सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतदारांनी दिला, आणि तोही कोणाकडून एक छदामही न घेता. गरिबाला अरण्य परवडत नाही म्हणणारांनी आता काय म्हणावे?

उद्यान ज्या भागात आहे त्या ओरेल्याना प्रांतात मात्र बहुमत उलट पडले, हे लपविण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरची चूल तेलाच्या मजुरीवर पेटते, त्याला दोष देणे आम्हांस शोभणार नाही. पण अर्धशतक तेल वाहून नेले गेले, तरी त्या मुलखाचे दारिद्र्य तेथेच राहिले. मग आणखी काही वर्षांच्या तेलाने ते हटेल, ह्याला आधार कोणता?

न्यायालयाने काम थांबविण्यास एक वर्षाची मुदत दिली होती. २०२४ च्या ऑगस्टात पहिली विहीर बंद झाली, आणि उरलेल्या कामाला २०२९ उजाडेल असे सरकारने सांगितले. कारण तेच जुने: तिजोरी रिती! विहिरी एका दिवसात बुजत नाहीत, हे आम्हांस समजते. परंतु मुदतीच्या नावाखाली तेल उपसत राहणे म्हणजे कौलाची चेष्टाच होय.

म्हणून आमचे म्हणणे थोडे व स्पष्ट आहे. सरकारने जनतेचा शब्द पाळावा, आणि २०१३ साली ज्यांनी हात आखडता घेतला त्यांनी विहिरी बुजविण्याचा व तेथील मजुरांच्या पोटाचा भार उचलावा. तोवर त्यांनी अरण्याची स्तोत्रे गाऊ नयेत. आणि दिवाणखान्यात बसून ती ऐकत माना डोलावणारे आपणही आपल्या मानेला थोडा आवर घालावा.