पोरखेळ नव्हे

मुलगी नऊ वर्षांची असताना तिच्या पियानोच्या क्लासात शूमानची ‘ट्रॉयमेराय’ ही रचना आली. ट्रॉयमेराय म्हणजे स्वप्नरंजन. जेमतेम एक पान, लय संथ. पण तिला काही केल्या जमेना. “मुलांसाठीच तर लिहिलंय, एवढंही येत नाही?” मी चिडून म्हणालो. ती मुकाट्याने पियानोचं झाकण लावून उठली.

चूक माझीच होती. ही रचना ज्या मालिकेतली, तिचं नाव ‘बालपणीची दृश्यं’. नावावरून कुणीही फसावं! १८३८ च्या सुरुवातीला, लाइपझिगमध्ये, २७ वर्षांच्या रॉबर्ट शूमानने ती लिहिली. प्रेयसी क्लारा व्हिएन्नात मैफली गाजवत होती आणि तिचे वडील, म्हणजे शूमानचेच गुरू, लग्नाच्या ठाम विरोधात होते. तुम्ही कधीकधी लहान मुलासारखे वाटता, असं क्लारा त्याला म्हणाली होती. तोच धागा धरून त्याने तीसेक छोट्या रचना केल्या, त्यांतल्या तेरा निवडल्या. हे मोठ्या माणसाने मागे वळून पाहणं आहे. मुलांनी वाजवण्यासाठी त्याने १८४८ मध्ये वेगळं पुस्तकच लिहिलं. सुरुवात झाली ती थोरल्या मेरीच्या सातव्या वाढदिवसासाठी. शिकवायचं तर ते आधी शिकवावं.

चौथी रचना ऐका: ‘विनवणी करणारं मूल’. शेवटचा स्वरमेळ अधांतरीच राहतो. आपल्या कानाला वाटतं, अरे, ‘सा’ लागलाच नाही! तो लागतो पुढच्या रचनेत, तिचं नाव ‘पुरेसं सुख’. बाराव्या रचनेत मूल झोपी जातं. तेराव्यात मूल नाहीच. तिथे कवी बोलतो, एकटाच.

पुढे १८४० मध्ये लग्न झालं, आठ मुलं झाली. फेब्रुवारी १८५४ मध्ये शूमानने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवलं, पण १८५६ मध्ये मृत्यू येईपर्यंतचा काळ मनोरुग्णालयातच गेला. त्या जूनमध्ये जन्मलेल्या धाकट्या फेलिक्सला त्याने कधी पाहिलंच नाही.

मुलीने पियानो सोडला नाही, हे माझं नशीब. गेल्या दिवाळीत माहेरी आली, तेव्हा पहिल्यापासून वाजवायला बसली. चौथी रचना संपली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आत गेली. मी बाहेरून ओरडलो, “अगं, पुढचं वाजवून तरी जा!”